घोडखडकाजवळचा खड्डा

करंजबंदर, जि. रत्नागिरी
२६ नोव्हेंबर २०००

प्रिय आई,

पाया पडते. बाबांना हवापालट म्हणून आठ दिवसांसाठी माझ्याकडे पाठवलंस, त्याला आता महिना होत आला. खोकला पुष्कळ कमी आहे. पहिल्या दिवशी त्यांना समुद्रावर नेलं. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, अन् बाजूला चारा म्हणून काडी न्हाई." त्यानंतर समुद्राचा विषय त्यांनी काढला नाही.

आता मात्र वेगळीच भानगड झाली आहे. माझे घरमालक यासीन चाचा म्हणून आहेत. जन्मभर जहाजावर नोकरी केली, आता गुडघे धरून ओट्यावर बसतात. त्यांनी बाबांना सांगितलं की जुन्या काळी चाच्यांनी इथल्या वाळूत खजिना पुरून ठेवला आहे. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. जागासुद्धा सगळ्यांना माहीत आहे, फक्त प्रत्येकाची वेगळी आहे. यासीन चाचांची जागा घोडखडकाजवळ आहे. घोडखडक म्हणजे घोड्याच्या तोंडासारखा एक मोठा दगड. बाबा रोज शाळेची पहार खांद्यावर टाकून तिकडे जातात आणि चाचा खुर्ची टाकून बसतात. परवा मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "बाई, वडील काय करतात?" मी म्हटलं, मेंढरं पाळतात. ते म्हणाले, "ते कळलं. सध्या काय करतात?"

मेंढरं इतके दिवस कोण बघतंय? तू त्यांना परत बोलावून घे. माझं ते ऐकत नाहीत. इथं नोकरीला लागून मला वर्षही झालेलं नाही, आणि गावात मला आता ‘खजिनेवाल्यांची मुलगी’ म्हणतात.

तुझी
शिवकन्या


डोंगरकडा, ता. कळमनुरी
८ डिसेंबर २०००

शिवकन्या, सुखात ऱ्हाय.

पत्र पोचलं. चार दिवस इचार केला पण एक गोष्ट ध्यानात आली न्हाई. खजिना त्या चाचाचा हाय तर त्यानं कुठं पुरला हे त्यालाच ठाऊक न्हाई का? म्हातारपणी इसरला आसंल तर त्याच्या बायकोला इचारा. बाईला बराबर ठाऊक आसतं. आन् खजिना चाचाचा तर तुझे बाबा काहून उकरून राहिले? चाचा खुर्चीवर आन् आपलं माणूस खड्ड्यात, ही कोणती रीत?

ते आसो. पण त्यांना इकडं धाडू नको. खोकला कमी झाला म्हणतीस, तर पुरता जाऊ दे. इथं कापसाची वेचणी चालू हाय, नुसती धूळ. मेंढरं शेजारचा जळबा चारायला नेतो. समदी बरी हायत. मलाबी काही तकलीफ न्हाई.

कारळाची चटणी करून ठेवली हाय. तिकडं येणारं कोणी भेटलं की धाडते. बाबांला म्हणावं, हाती घेतलेलं काम अर्ध्यात टाकून येऊ नका. घाई कशाची न्हाई.

तुझी आई
सत्यभामा


करंजबंदर
२० डिसेंबर २०००

शिवकन्याच्या आईस, संपतरावाकडून.

तू गडबडलीस. चाचे म्हणजे यासीन चाचा न्हाई. चाचे म्हणजे पाण्यावरचे पेंढारी. आपल्याकडं पेंढारी घोड्यावर यायचे, इकडं गलबतात बसून यायचे. दुसऱ्याची जहाजं लुटायचे. एकदा मागं लढाऊ गलबतं लागली म्हणून त्यायनं लुटीच्या पेट्या इथं घाईत पुरल्या आन् पळून गेले, ते परत आलेच न्हाईत. यासीन चाचाला तुझं पत्र वाचून दाखवलं. हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणला, "वहिनीला कळवा, खजिना माझा असता तर बायकोनं कधीच काढून घेतला असता."

काम सोपं न्हाई. सकाळी खणावं तर दुपारी पाणी येऊन खड्डा बुजवून जातं. दिवसातून दोनदा येतं आन् परत जातं. ना काम ना धंदा. आता आमी थोडं वर सरकलो हाव, पाणी क्वचित पोचतं तिथं. वाळू मऊ हाय. आपल्या मुरमासारखी अंगावर येत न्हाई.

काळी मेंढी व्याली का? निघायच्या आधी तिचं पोट पाह्यलं व्हतं. तिला बाकीच्यायमंदी दाबू देऊ नको. लंगड्या मेंढ्याच्या खुराला कडुलिंबाचं तेल लावत जा. मोठ्या शिंगाचा पुढं चालला तरच बाकीची नाल्यात उतरतात, हे जळबाला सांग. त्याला हाकून न्हाई जमत, नुसतं नावानं बोलवायचं.

खजिना निघाला की येतो.

संपतराव


डोंगरकडा
२ जानेवारी २००१

शिवकन्याच्या बाबांस,

पत्र पोचलं. चाचे समजले.

काळी व्याली. जुळी झाली. दोनी माद्या हायत, चांगल्या उड्या मारून राहिल्या. खूर बरा झाला. जळबाला समदं सांगितलं.

खणायचं सोडू नका. एका जागी न्हाई निघालं तर दुसऱ्या जागी पाहा. लोकायनं एवढ्या वर्षात काढलं न्हाई म्हंजे खोल आसंल. संक्रांतीला इकडं येऊ नका, गाड्याला गर्दी आसती. शिवरात्रीलाबी गर्दी आसती. रात्री छातीला तेल चोळून झोपत जा. पाण्याच्या जवळ उभे राहू नका.

सत्यभामा


करंजबंदर
२४ जानेवारी २००१

प्रिय आई,

हे पत्र रागात लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यापासून बाबांना जोर चढला आहे. "तुझी आईसुद्धा म्हणती, खोल आसंल," असं सगळ्यांना सांगतात. पूर्वी दोघेच होते, आता अर्धं गाव खड्ड्याभोवती असतं. सरपंचांनी ताडपत्री दिली. चहावाल्यानं स्टोव्ह तिथंच आणला. बाबांना इकडे ‘हिंगोलीचे जाणकार’ म्हणतात. मेंढपाळाला जमिनीखालचं कळतं असं कोणीतरी उठवून दिलं आहे आणि बाबा ते खोडून काढत नाहीत. तलाठी येऊन सांगून गेले की जमिनीत जे निघेल ते सरकारचं. सरपंच म्हणाले, निघू दे तर खरं, मग ते कोणाचं यावर भांडू. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिकडेच असतात, आणि पालकांना बोलवावं तर पालकही तिकडेच.

आणि आई, तू त्यांना चढवतेस. ज्या बाईनं मला एवढ्या लांब नोकरीला जाऊ देताना तीनदा विचार केला, ती बाई लिहिते, खोल खणा.

मला कारण कळलं आहे. पलीकडच्या शाळेत भीमराज सर आहेत, आपल्याकडच्या जवळा बाजारचे. संक्रांतीला गावी गेले होते तेव्हा त्यांना मी आपल्या घरी चक्कर मारायला सांगितलं होतं. चटणीचा डबा त्यांनी आणून दिला. मी विचारलं, मेंढरं कशी आहेत? ते आधी चटणीचंच सांगत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मेंढवाडा रिकामा आहे. जळबा जिनिंगवर कामाला जातो."

आई, आपली मेंढरं कुठं आहेत?

शिवकन्या


डोंगरकडा
५ फेब्रुवारी २००१

शिवकन्या,

हे पत्र वाचून फाडून टाक. बाबांच्या हाती लागू देऊ नको.

मी विकली. ते तुझ्याकडं आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात विकली.

नांदेडच्या डाक्टरनं तुझ्या बाबांसमोर सांगितलं व्हतं, की लोकरीनं आन् लेंडीच्या धुळीनं छाती खराब होऊन राहिली, मेंढरं सोडा. बाहेर आल्यावर हे मला म्हणले, "डाक्टरला काय कळतं, त्यानं कवा मेंढरू पाह्यलं का?" घरी आले आन् त्याच दिवसापासून मेंढवाड्यातच झोपायला लागले. रात्रभर खोकायचे. मी आत पडून ऐकायची. खोकला थांबला की उठून पाहायची, काहून थांबला म्हणून. तुला पत्रात कवा लिहिलं न्हाई. तू तिथं एकली, नवी नोकरी.

समोर राहून त्यायनं विकू दिली नसती. म्हणून हवापालटाचं काढलं.

खाटकाला दिली न्हाईत, तेवढं ध्यानात ठेव. नरसीकडचा माणिकराव हाय, त्याचाबी मेंढराचाच धंदा, त्याला दिली. तो पाळणारा हाय. तो आला त्या दिवशी मी घरात जाऊन दळत बसले. पण मेंढरं निघंनात. मोठ्या शिंगाचा जागचा हालंना. शेवटी माणिकराव म्हणला, "वहिनी, तुमी हाका मारा." मग मीच पुढं झाले. नावानं हाका मारत वेशीपर्यंत मीच चालवत नेली. ती लेकरावानी मागं आली. तिथून माणिकराव घेऊन गेला. मी परत आले तर जात्यात दाणे तसेच पडलेले.

तुझ्या बाबांला मी तोंडानं सांगीन. पत्रात सांगायची गोष्ट न्हाई ती. तवर त्यांना खणू दे. चार दिवस अजून खोकल्याबिगर झोपतील.

आई


करंजबंदर
१९ फेब्रुवारी २००१

शिवकन्याच्या आईस, संपतरावाकडून.

खड्ड्यातून नांगर निघाला. मी म्हणलं, इथं वाळूत कोणी नांगरलं? तर तो शेतातला न्हाई. जहाज उभं ठेवायला पाण्यात लोखंडी आकडा टाकतात, त्यालाबी हे लोक नांगरच म्हणतात. झालं आसं की पहार लोखंडावर वाजली. सरपंचानं नारळ फोडला. मला हार घातला. समद्या गावानं दोर लावून ओढला आन् बाहेर आला तो गंजलेला नांगर. एक दात मोडका. सरपंच हार परत घेऊन गेला.

यासीन चाचा म्हणला, नांगर आहे म्हणजे गलबत होतं, गलबत होतं म्हणजे पेट्या खाली आहेत. तो बघायला खड्ड्यात उतरला. त्या दिवशी पुनवेची मोठी भरती व्हती, पाणी नेहमीपेक्षा वर आलं. कडा ढासळली आन् चाचा कमरेपर्यंत वाळूत गेला. बाकीचे वर उभे राहून काय करावं ते सांगत व्हते. मी उतरलो. पाणी छातीला लागलं. बगलेत हात घालून ओढून काढला. चाचाचा पाय सुजला, बाकी ठीक हाय. मला पोहता येत न्हाई हे वर आल्यावर ध्यानात आलं. पण सांगायचं ते हे, की एवढं करून मला खोकला आला न्हाई. पूर्वीचा मी आसतो तर तिथंच बसलो आसतो.

आता दुसरी गोष्ट.

काळी दोन साल फळली न्हाई. निघायच्या आधी मी पोट पाह्यलं तवाबी ते रिकामंच व्हतं. हे मी तुला कवा बोललो न्हाई, बोललो आसतो तर तूच विकून टाक म्हणली आसतीस. मी निघालो त्या दिवशी नरसीचा माणिकराव आपल्या मेंढवाड्यापाशी उभा दिसला. "सहज आलो," म्हणला. मेंढरावाला माणूस दुसऱ्याच्या मेंढवाड्यापाशी सहज येत न्हाई. गाडीत बसल्यापासून तेच डोक्यात व्हतं. म्हणून पत्रात तुला काळीचं इचारलं. तू लिहिलं, जुळी झाली.

तू इचारशील, मग तवाच का आलो न्हाई. येऊन काय पाह्यलं आसतं? इथं निदान खड्डा व्हता. सकाळी उठलं की जायला जागा व्हती.

समदी गेली का एखादी ऱ्हायली, तेवढं कळव.

संपतराव


डोंगरकडा
२ मार्च २००१

समदी गेली.

मी येऊन राहिले. हिंगोलीहून गाडीत बसते, पुढचं इचारत इचारत येईन. स्टँडवर कोणी येऊ नका. शिवकन्याला शाळा बुडवू देऊ नका.

सत्यभामा


डोंगरकडा
२२ मार्च २००१

शिवकन्या,

आमी दोघं सुखरूप पोचलो. गाडी मलाच लागली, तुझ्या बाबांला न्हाई. आमी निघताना तू तीनदा इचारलं, समुद्रावर काय झालं म्हणून. तवा मला सांगता आलं न्हाई. बाबा बाजूलाच व्हते.

मी आले त्या दुपारी तू शाळेत व्हतीस. चाचाच्या बायकोनं चहा दिला आन् बोटानं दाखवलं, ते बघा तिकडं. मी गेले. हे खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले व्हते. मला पाहून उठले न्हाईत. म्हणले, "आलीस?" मी म्हणले, "आले." मग मी बाजूला बसले. माझ्या मनात व्हतं की पहिल्यांदा पाया पडावं, मग डाक्टरचं सांगावं, मग खोकल्याचं. समदं जुळवून आणलं व्हतं गाडीत. त्यातलं एक आठवलं न्हाई.

त्यायनंच इचारलं, "गाडीत घातली का चालत नेली?"

"चालत."

"पुढं कोण व्हतं?"

"मोठ्या शिंगाचा."

"हालला नसंल."

"न्हाई हालला. मी बोलावलं."

मग एकेकाचं इचारायला लागले. लंगडा चालला का, का कोणी उचलला. म्हातारी मागं ऱ्हायली का. काळीला माणिकरावनं ठेवली का पुढं दिली. मला ठाऊक व्हतं तेवढं सांगितलं, ठाऊक नव्हतं ते न्हाई म्हणले. ह्या बारीला खोटं बोलले न्हाई. इचारता इचारता रडायला लागले. सासू गेली तवाबी मी त्यांना तसं पाह्यलं न्हवतं. मी उठून गेले न्हाई, समजावलंबी न्हाई. पाण्याकडं पाहत बसले. एवढं पाणी मीबी पहिल्यांदाच पाह्यलं, पण तवा ध्यान न्हवतं.

मग म्हणले, "मला इचारून विकली आसतीस तर मी दिली नसती."

मी म्हणले, "म्हणून न्हाई इचारलं."

"हं," म्हणले. तेवढंच. राग गेला का न्हाई मला अजून ठाऊक न्हाई. पण उठले, पहार बाजूला ठेवली आन् खोरं घेतलं. म्हणले, "खड्डा उघडा ठेवून जाणं बरं न्हाई. गावातली गुरं इकडं फिरतात, एखादं पडंल." मीबी पदर खोचला. घमेल्यानं वाळू आणून दोघांनी समदा खड्डा बुजवला. वरून पायानं बराबर दाबला. तू शाळेतून आलीस तवा आमच्या अंगावर वाळू का व्हती ते हे.

कोणाला इचारलं न्हाई, कोणाला सांगितलं न्हाई. आपलं काम आपण केलं.

आई


करंजबंदर
८ एप्रिल २००१

प्रिय आई,

पाया पडते.

तुम्ही दोघांनी खड्डा बुजवलात हे फार चांगलं केलंत. पण कोणाला न सांगता बुजवलात, आणि दोनच दिवसांनी सामान बांधून निघालात, त्याचं इथं काय झालं ते ऐक.

चार महिने उघडा ठेवलेला खड्डा माणूस एका दुपारी बायकोला गावाहून बोलावून का बुजवतो, याचं गावाला एकच उत्तर सुचलं आहे. तुम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर बसला होतात आणि बाबा रडत होते, हे मासे घेऊन परतणाऱ्या बायकांनी पाहिलं. एवढा आनंद झाला होता त्यांना, असं त्या सांगतात. तुझ्या हातात येताना एक पिशवी होती आणि जाताना दोन होत्या, हेही पाहिलं गेलं आहे. दुसऱ्या पिशवीत कोकमाची सोलं आणि सुके बोंबील होते, आणि ते यासीन चाचांच्या बायकोनंच दिले होते, हे मी सांगितलं. त्यांनीही सांगितलं. त्यावर लोक म्हणाले, चाचांचा हिस्सा ठरलेला असणारच.

यासीन चाचा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मग परवा ओट्यावरून हाक मारली आणि म्हणाले, "तुझ्या बापानं मला त्या खड्ड्यातून ओढून काढला. नाहीतर मीही पेट्यांबरोबर खालीच राहिलो असतो. सापडलं असेल तर त्याला लखलाभ." मी शपथेवर सांगितलं, चाचा, काही सापडलं नाही. ते मान हलवून म्हणाले, "शाबास. असंच सांगत जा."

सरपंच दोनदा येऊन गेले. एकदा माझ्या खोलीचं छप्पर गळतं का बघायला, एकदा पलंगाचे पाय कुरतडलेत का बघायला. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आता तुम्ही शाळा सोडणार का?" बुजवलेल्या जागेवर दुसऱ्या लोकांनी पुन्हा खड्डा खणला आहे, तुमच्यापेक्षा मोठा.

मी लोकांना काय सांगू?

बाबा कसे आहेत ते खरं खरं लिही.

शिवकन्या


डोंगरकडा
१४ जून २००१

शिवकन्या, सुखात ऱ्हाय.

लोकायला सांग, सापडला म्हणून. न्हाई म्हणून सांगितलं तर तुला कोणी सुखानं राहू देणार न्हाई. सापडला म्हणलं की दोन दिवस जळतील आन् मग आपापल्या कामाला लागतील. पलंगाखाली पाहू दे ज्याला पाहायचं त्याला. तेवढं झाडून ठेव.

तू सुट्टीत येशील म्हणून लिहायची थांबले, पण शाळेच्या कामानं तुला येता आलं न्हाई, तर बाबांचं खरं लिहिते. पहिला महिना वाईट गेला. सकाळी उठून काठी घेऊन अंगणात उभे राहायचे आन् मग ध्यानात आलं की काठी ठेवून द्यायचे. एकदा न सांगता नरसीला जाऊन आले. नामदेवाच्या दर्शनाला गेलो व्हतो म्हणले. मी इचारलं, देवळात का माणिकरावाकडं? म्हणले, दोन्हीकडं. माणिकरावनं त्यांना जेवू घातलं. मोठ्या शिंगाचा जवळ आला, हात चाटला आन् परत कळपात गेला. ते सांगताना माझ्याकडं पाह्यलं न्हाई. पण त्या दिवशी पोटभर जेवले.

खोकला न्हाई. घरात झोपतात. कवा कवा घोरतात, मी उठवत न्हाई.

आता मेंढवाड्याच्या जागेत हळद लावायचं ठरवलं हाय. इतक्या वर्षाची लेंडी मुरलेली जमीन, हळद चांगली येईल म्हणतात. जागा दगडावानी घट्ट झाली व्हती. तोंडाला फडकं बांधून रोज थोडी थोडी कुदळीनं उकरून राहिले. वाळूत हात बसलाय त्यांचा.

उकरताना परवा एक घुंगरू निघालं. गंजून गेलेलं, आतली गोळीबी न्हाई. कोणत्या मेंढ्याच्या गळ्यातलं ते त्यायनं बराबर ओळखलं. बराच वेळ हातात धरून बसले. मग धोतराला पुसून खिशात टाकलं आन् परत कुदळ उचलली.

हे तिथं कोणाला बोलू नको. सरपंच पहार घेऊन इकडं यायचा.

आई